आल्पाइन आणि आइस क्लाइंबिंगसाठी हलका रोप कसा निवडावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळी भटकंती संपून सुळक्यांचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे दोन प्रकारचे मेसेज येतात. पहिला : ‘जानेवारीत स्पितीला गोठलेल्या धबधब्यांवर जातोय, रोप कोणता घेऊ?’ दुसरा : ‘सुट्टी जोडून आल्प्समध्ये शामोनीला चाललोय, इथला रोप तिथे चालेल का?’ दरवेळी तेच उत्तर टाइप करून बोटं दुखली, म्हणून हे पान. प्रश्न तुमचेच आहेत, फक्त क्रम आम्ही लावलाय. एकात दुसऱ्याचं उत्तर दडलेलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. ‘हलका रोप’ म्हणजे नेमका किती हलका?

जाडी विचारू नका, मीटरमागे ग्रॅम विचारा. कंपन्या मिलिमीटर मोठ्या अक्षरांत छापतात, पण पाठीवर मिलिमीटर नाही, ग्रॅम चढतात. त्यात दोन कंपन्यांचा ‘९ मिमी’ एकाच वजनाचा असेल असंही नाही.

ढोबळ आकडे असे. सह्याद्रीत सर्रास दिसणारा १०.५ मिमीचा रोप मीटरला सत्तर ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ६० मीटरचा चार किलोच्या वर. ९.५ मिमीचा साठेक ग्रॅम, एकूण ३.६ किलो. ८.९ मिमीचा सिंगल रोप (सिंगल, हाफ म्हणजे काय ते प्रश्न २ मध्ये) बावन्न ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साधारण ३.१ किलो. सिंगल म्हणून प्रमाणित रोपांची खालची हद्द आज साडेआठ मिमीच्या जवळ आहे. बेआल कंपनीचा ८.५ मिमीचा ‘ऑपेरा’ मीटरला ४८ ग्रॅम भरतो. हाफ रोपात ८ मिमीचा एक पदर ४१-४२ ग्रॅम, सात-सव्वासात मिमीचा ३६-३७ ग्रॅम. मात्र हाफचे पदर दोन न्यायचे असतात हे बेरीज करताना विसरू नका. ८ मिमीचे दोन ६० मीटरी पदर मिळून जवळपास पाच किलो होतात, तुमच्या जुन्या जाड रोपापेक्षाही जास्त! फरक इतकाच की ते दोघांच्या पाठींवर वाटले जातात.

२. सिंगल, हाफ, ट्विन यांत फरक काय? जाडीवरून ओळखता येतात का?

जाडीवरून नाही, टोकावरच्या पट्टीवरून. वर्तुळात १ म्हणजे सिंगल, वर्तुळात ½ म्हणजे हाफ, एकमेकांत गुंतलेली दोन वर्तुळं म्हणजे ट्विन. तिन्ही खुणा असलेले रोपही मिळतात, ते तिन्ही चाचण्यांतून गेलेले असतात.

वापर असा. सिंगल रोपाचा एकच पदर प्रत्येक प्रोटेक्शनमध्ये, म्हणजे वाटेत कातळात किंवा बर्फात लावलेल्या आधारात (यालाच पीस म्हणतात). हाफचे दोन पदर आलटून-पालटून, लाल डावीकडच्या पीसमध्ये तर निळा उजवीकडच्या, म्हणजे पिच (एका थांब्यापासून पुढच्या थांब्यापर्यंतची चढाई) वाकडीतिकडी असली तरी रोप सरळ राहतो आणि घर्षण कमी होतं. ट्विनचे दोन्ही पदर प्रत्येक वेळी एकत्रच, जणू एकच रोप दोन धाग्यांत विभागलाय.

युरोपीय मानक ईएन ८९२ नुसार सिंगलची चाचणी ८० किलोचं वजन साधारण १.७ फॉल फॅक्टरने (पडण्याची लांबी भागिले बाहेर असलेल्या रोपाची लांबी) पाडून होते. किमान ५ फॉल झेलले पाहिजेत आणि पहिल्या फॉलचा झटका १२ किलोन्यूटनच्या आत हवा. हाफचा एकच पदर ५५ किलोवर तपासतात, किमान ५ फॉल, झटका ८ किलोन्यूटनच्या आत. ट्विनचे दोन पदर मिळून ८० किलो, किमान १२ फॉल. हाफच्या एका पदराला पूर्ण माणसाच्या वजनावर तपासलेलंच नाही, हे लक्षात ठेवा. प्रश्न १३ मध्ये ते पुन्हा लागेल.

३. सरळ सांगा ना, मी कोणता घेऊ?

सरळ सांगतो : आधी उतरायचं कसं ते ठरवा, मग रोप.

लोक चढाईची काठिण्यश्रेणी सांगून रोप विचारतात. चढाईला बहुतेक कुठलाही चांगला रोप पुरतो. कस लागतो तो परतीच्या वाटेवर, हवा बिघडल्यावर, संध्याकाळी पाच वाजता. आपल्या सुळक्यांवर काय होतं आठवा. लिंगाण्यावर चढणं अर्धं काम, उरलेलं अर्धं रॅपल, म्हणजे रोपावरून खाली उतरणं.

वाट चालत उतरता येत असेल, आल्प्समधल्या बऱ्याच कातळकडांवर येते तशी, तर एक हलका सिंगल पुरे. दोघांनी एकाच वेळी हलत कडा चढत जायच्या असतील तर ३० ते ४० मीटरही चालतो. सहा-सात पिचचा गोठलेला धबधबा असेल आणि उतरायला तीच वाट असेल, तर दोन ६० मीटरी हाफ घ्या. कारण साधं गणित : ६० मीटरचा एक सिंगल दुमडून रॅपल केलं तर ३० मीटर उतरता, दोन हाफ जोडले तर ६०. अंधार पडत असताना आठ अँकर (रोप अडकवायचे पक्के आधार) की चार, हा फरक दीड-दोन किलोपेक्षा मोठा असतो. दोन पिचचा, वर झाड किंवा वाट असलेला धबधबा असेल तर मात्र हाफचा हट्ट उगाच.

मधला मार्ग, म्हणजे सिंगल आणि बरोबर बारीक दोरी, प्रश्न १२ मध्ये आहे. तो आम्हाला फारसा आवडत नाही, हेही तिथेच लिहिलंय.

४. माझ्याकडे सह्याद्रीतला १०.५ चा चांगला रोप आहे. तोच नेला तर?

नेऊ शकता, तुटणार नाही. रस्त्यालगतचा एक पिचचा बर्फाचा धबधबा असेल, वरून टॉप-रोप लावून आठ जण दिवसभर सराव करणार असतील, तर तोच न्या. नव्या हलक्या रोपाची तिथे वाट लावू नका. शिकवणाऱ्या संस्था जाड रोप वापरतात ते याच कारणाने.

दोन अडचणी मात्र आहेत. एक, आपल्याकडचे बहुतेक रोप ड्राय, म्हणजे पाणी कमी शोषणारा लेप दिलेले, नसतात (प्रश्न ६). दोन, बसॉल्टची माती शीथमध्ये, म्हणजे वरच्या विणलेल्या आवरणात, मुरलेली असते. तो रोप पाणी शोषून रात्री गोठला की सळई होते. काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. तिथे चार किलोचा रोप साडेपाच किलोचा होऊन पाठीवर बसला की खिशात वाचलेले पैसे आठवत नाहीत.

५. रॅपलिंगचा स्टॅटिक रोप पातळ आणि स्वस्त मिळतो. लीडला (सर्वांत पुढे, रोप वर नेत चढायला) चालेल?

नाही. अपवाद नाही. स्टॅटिक ताणला जात नाही, त्यामुळे फॉलचा सगळा झटका तुमच्या कमरेवर आणि अँकरवर येतो.

६. ड्राय ट्रीटमेंटला जास्त पैसे द्यावेत का? स्पितीत तर सगळं कोरडंच असतं म्हणतात.

द्यावेत. पण कारण नीट समजून द्या.

साधा नायलॉनचा रोप पूर्ण भिजला की स्वतःच्या वजनाच्या चाळीसेक टक्के पाणी धरू शकतो. ३.६ किलोचा रोप पाच किलोचा होतो. वजन हा त्यातला कमी काळजीचा भाग. भिजलेला नायलॉन कोरड्याच्या तुलनेत बरेच कमी फॉल झेलतो, आणि गोठलेला रोप बिले डिव्हाइसमधून (चढणाऱ्या जोडीदाराचा रोप धरून ठेवणाऱ्या उपकरणातून) सरकतच नाही. यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाचं ‘वॉटर रिपेलंट’ प्रमाणपत्र मिळायला रोपाने पाच टक्क्यांहून कमी पाणी शोषायला हवं. ‘ड्राय’ हा शब्द मात्र कुणीही छापतो. काहींत फक्त शीथला लेप असतो, काहींत आतल्या कोअरलाही. बर्फासाठी दोन्हीकडचा लेप आणि ते प्रमाणपत्र, एवढं बघा.

स्पितीबद्दल तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उणे वीसला बर्फ रोपाला चिकटत नाही, झटकला की पडतो. शून्याच्या आसपासचा आल्प्समधला ओला बर्फ जास्त छळतो. पण धबधब्यावर ऊन आलं की पाणी ठिबकतंच, आतून वाहणारी धार कुठेतरी फुटते, आणि सगळ्यात मोठा घोळ आपण स्वतः घालतो : बर्फाळलेला रोप संध्याकाळी होमस्टेमध्ये बुखारीजवळ आणून टाकतो, तो वितळून भिजतो, आणि सकाळी सहाला तसाच बाहेर नेतो. आधी बाहेरच झटका, मग आत आणून पूर्ण वाळवा, चुलीपासून लांब. पूर्ण वाळणार नसेल तर थंड खोलीतच राहू द्या.

लेप कायमचा नसतो. खडकावर घासून, मातीत लोळवून तो जातो. म्हणून ड्राय रोप ड्यूक्स नोजवर सरावाला नेणारे बघितले की जीव तुटतो.

७. पट्टीवर ‘५ फॉल’ लिहिलंय. पाच वेळा पडलो की रोप फेकायचा?

नाही. ते प्रयोगशाळेतले पाच फॉल आहेत : लोखंडी वजन, न सरकणारा बिले, गोल कडेवरून, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने. प्रत्यक्षात बिले करणारा हलतो, गाठ आवळली जाते, शरीर लवतं. तसा फॉल भिंतीवर क्वचितच होतो. पण अँकरवरून निघताच, मध्ये काहीही न लावता मोठा फॉल झाला, तर एकाच फॉलनंतरही रोप निवृत्त करावा. बोटांनी चाचपून कुठे मऊ, सपाट किंवा पोकळ लागला तरीही.

८. बर्फासाठी ‘इम्पॅक्ट फोर्स’ (फॉलचा झटका) कमी हवा म्हणतात. का?

फॉलमध्ये सर्वांत वरच्या पीसवर दोन्ही बाजूंनी ओढ येते : पडणाऱ्याची आणि बिले करणाऱ्याची. मधल्या घर्षणामुळे ती दुप्पट होत नाही, पण पडणाऱ्यावर येणाऱ्या झटक्याच्या दीडपटीहून जास्त होते. आइस स्क्रूच्या (बर्फात फिरवून बसवायच्या आधाराच्या) मानकात किमान ताकद १० किलोन्यूटन मागितली आहे, तीही चांगल्या बर्फात. दुपारच्या उन्हात मऊ झालेल्या, आत हवेचे बुडबुडे असलेल्या बर्फात तो स्क्रू किती धरेल याची खात्री स्क्रू बनवणाराही देणार नाही. म्हणून झटका मऊ करणारा रोप हवा, आणि हाफचा एक पदर तिथे सरस ठरतो.

मऊ रोप जास्त ताणला जातो, ही त्याची दुसरी बाजू. लीडर खालच्या लेजच्या (कड्यावरच्या पायरीच्या) जवळ असेल तर आदळतो. आइस क्लाइंबिंगचा जुना नियम तसाही ‘लीडरने पडायचं नाही’ हाच आहे. बुटाखालच्या क्रॅम्पॉनचे दात कुठेतरी अडकले की घोटा जातो. रोप कितीही मऊ असो.

९. हाफचे दोन्ही पदर एकाच कॅराबिनरमध्ये (उघडझाप होणाऱ्या कडीत) घातले तर जास्त सुरक्षित ना?

उलट. दोन्ही पदर मिळून कमी ताणले जातात, झटका वाढतो. तो टाळायचा म्हणून तर हाफ घेतला (प्रश्न ८). रोपावर ट्विनचीही खूण असेल तर एकत्र घालता येतील, पण मग त्या पिचभर एकत्रच. काही पीसमध्ये वेगवेगळे आणि काहींत एकत्र असं केलं की फॉलमध्ये दोन पदर वेगवेगळ्या गतीने धावतात, एकमेकांवर घासतात आणि नायलॉन नायलॉनला वितळवतो.

१०. पातळ रोप दगडाच्या कडेवर कापला जाईल अशी भीती वाटते. रास्त आहे का?

रास्त आहे. आमच्या मते भीती असायची तर हीच असावी. आजचा शाबूत रोप नुसत्या झटक्याने तुटत नाही. तुटतो तो धारदार कडेवर किंवा रसायनाने (प्रश्न १५). कडेवर टिकायला धाग्यांची संख्या लागते, आणि हलका रोप म्हणजे कमी धागे. सिंगल ८.५ घेताना तुम्ही मुख्यतः हीच गोष्ट विकून वजन कमी करताय.

‘हलका रोप’ हा वाद फार जुना आहे. १४ जुलै १८६५ ला मॅटरहॉर्नची पहिली चढाई झाली, आणि उतरताना सात जणांपैकी चार जण कोसळले. गाइड टाउगवाल्डर आणि गिर्यारोहक डग्लस यांच्यामधला रोप तुटला. त्या दिवशी जवळ असलेल्या तीन प्रकारच्या रोपांतला तो सर्वांत कमकुवत होता. त्याचा तुकडा पायथ्याच्या झेरमाट गावातल्या संग्रहालयात आहे, तिकडे गेलात तर जरूर बघा. जाडी किती, ते डोळ्यांनी बघितल्यावर कळतं. आपला आजचा रोप, म्हणजे आत कोअर आणि वर शीथ असा कर्नमँटल, एडेलरिड कंपनीने १९५३ मध्ये आणला. तोवर पिळाचेच दोर होते.

उपाय तीन. सुट्या, धारदार दगडांच्या मिश्र वाटेवर दोन पदर न्या, दोन्ही एकदम कापले जाण्याची शक्यता फार कमी. दुसरा, शीथमध्ये अरामिडचे (केव्हलरच्या जातीचे) धागे विणलेले सिंगल रोप आता मिळतात, महाग आहेत पण कडेवर जास्त तग धरतात. तिसरा फुकटचा : लांब स्लिंग (पट्टीचा फास) लावून रोपाची वाट कडेपासून बाजूला काढा.

११. नवा ८ मिमी रोप माझ्या जुन्या बिले डिव्हाइसमधून सुळकन जातो. काय करू?

डिव्हाइस बदला. त्यावर किमान-कमाल जाडी कोरलेली असते, सिंगल, हाफ आणि ट्विनसाठी वेगवेगळी. रोप त्या हद्दीत नसेल तर विषय संपला. हद्दीत पण खालच्या टोकाला असेल तर चांगले हातमोजे आणि रॅपलला जादा कॅराबिनर घालून घर्षण वाढवा.

प्रुसिकचंही (रोपावर आवळून धरणाऱ्या बारीक दोरीच्या गाठीचंही) तेच. १०.५ वर छान धरणारा ६ मिमीचा प्रुसिक ७.५ च्या गोठलेल्या पदरावर धरेलच असं नाही. ५ मिमीची मऊ दोरी आणि एखाददुसरा जादा वेढा लागतो. घराच्या जिन्यात रोप टांगून, ओला करून, लटकून बघा. शेजारी हसतील. हसू द्या.

१२. ६ मिमीच्या नव्या दोऱ्यांचं काय? मीटरला बावीस ग्रॅम म्हणे!

हो, पेट्झलची ‘रॅड लाइन’ तेवढी आहे, ६० मीटर म्हणजे सव्वा किलोच्या थोडं वर. ती जवळजवळ ताणलीच जात नाही. ग्लेशियरवर चालताना, क्रिव्हासमधून (हिमनदीतल्या भेगेतून) माणूस ओढून काढताना आणि रॅपलसाठी ती बनवली आहे. तिच्यावर लीड करायचं नाही. सगळ्या रोप-क्लॅम्पची पकडही तिच्यावर बसत नाही, कंपनीने सांगितलेलीच उपकरणं वापरा.

आता तो मधला मार्ग. हलका सिंगल आणि ६ मिमीची पुल-कॉर्ड. चढताना सिंगल वापरायचा, उतरताना तो अँकरच्या कडीतून ओवून गाठ आणि कॅराबिनरने अडवायचा, जाड पदरावर उतरायचं आणि बारीक दोरीने खेचायचं. वजनात हा मार्ग दोन हाफना हरवतो. पण खेचताना सिंगल वर कुठे अडकला, आणि सह्याद्रीत रॅपल केलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे की तो अडकतोच, तर हातात उरते ती फक्त न ताणली जाणारी ६ मिमीची दोरी. तिच्यावर लीड करत वर जाऊन रोप सोडवता येत नाही. दोन हाफमध्ये निदान आलेल्या एका पदरावर काही करता येतं. म्हणून पुल-कॉर्ड अशाच वाटेवर, जिथे रॅपल ही आणीबाणीची सोय आहे, रोजची नाही. शिवाय वारा. बारीक दोरी खाली फेकली की पतंगासारखी भलतीकडे जाते. पिशवीत भरून, कमरेला लावून, उतरता उतरता सोडत जा.

१३. आम्ही तिघं आहोत. दोन हाफवर दोन सेकंड (लीडरच्या मागून चढणारे) एकाच वेळी चढवले तर चालेल?

आल्प्समध्ये गाइड हे नेहमी करतात : लीडर दोन पदर नेतो, प्रत्येक सेकंड एका पदरावर, दोघं थोडं अंतर ठेवून. वरून बिले असल्यामुळे फॉल छोटा असतो. पण त्या एका पदराची चाचणी ५५ किलोवर झालेली आहे (प्रश्न २), म्हणून आडव्या वाटा आणि धारदार कडा असतील तिथे हे करू नका. ८ मिमीच्या खालचे पदर यासाठी आम्ही वापरत नाही. सर्वांत बरे तिन्ही खुणांचे दोन रोप, वजन वाढलं तरी. ट्विनचा एकटा पदर कधीच नाही.

ताणाचाही विचार करा. एका पदरावर लटकलं की हाफ बारा टक्क्यांपर्यंत ताणला जाऊ शकतो. ३० मीटर रोप बाहेर असेल तर साडेतीन मीटर. पिचच्या सुरुवातीला घसरलेला सेकंड थेट लेजवर बसतो. सुरुवातीचे काही मीटर बिले करकचून घट्ट.

१४. अबालाकोव्हमध्ये (बर्फात भोकं पाडून केलेल्या अँकरमध्ये) दोरी सोडायची नसेल तर रोपच थेट ओवला तर?

ओवतात. लांब स्क्रूने बर्फात दोन भोकं आतून जुळवायची आणि रोपाचं टोक त्यातून काढायचं. मागे काहीच उरत नाही. पण रोप ओला असेल तर तुम्ही खाली पोचेपर्यंत तो भोकात गोठून बसतो. पहिला माणूस खाली पोचला की त्याने थोडं खेचून बघायचं, शेवटचा वर असतानाच. हलत नसेल तर ७ मिमीची दोरी सोडा. शे-दोनशे रुपयांच्या तुकड्यासाठी रोप धबधब्यावर टांगून येऊ नका.

१५. वर्षातून दोनदा वापरतो. रोप किती वर्षं टिकेल?

अगदी न वापरलेला, नीट ठेवलेला रोपही बहुतेक कंपन्या दहा वर्षांपर्यंतच ग्राह्य धरतात. वापरला तर त्याहून कमी. किती, ते वापरावर. बर्फावरच्या रोपाला क्रॅम्पॉनचे आणि अ‍ॅक्सचे वार बसतात. घरी आल्यावर टोकापासून टोकापर्यंत बोटांतून फिरवा.

धुवायचा तर कोमट पाण्यात, डिटर्जंटशिवाय, आणि वाळवायचा सावलीत. आता खास आपल्याकडची गोष्ट : फ्लॅटमध्ये रोप माळ्यावर किंवा बाल्कनीच्या कपाटात जातो, आणि तिथेच शेजारी इन्व्हर्टरची बॅटरी असते. बॅटरीतलं आम्ल नायलॉन खातं, आणि वरून काही दिसत नाही. गाडीच्या डिकीतही तेच. आमच्या गटातला एक जवळजवळ नवा रोप केवळ या शंकेवरून आम्ही कापून टाकला. वाईट वाटलं, पण त्याच्यावर लटकायला कुणी तयार नव्हतं. याच कारणाने वापरलेला रोप विकत घेऊ नका, विकणारा कितीही ओळखीचा असो.

१६. माझा एक हाफ ८.५ चा आहे, मित्राचा ७.७ चा. जोडी लावू का?

चढाईला नको. दोघांचा ताण वेगळा, डिव्हाइसमधली पकड वेगळी. अडलंच आणि रॅपलला जोडले तर बारीक पदर डिव्हाइसमधून जास्त सरकतो आणि दोन्ही टोकं वरखाली होतात. म्हणून टोकांना गाठी हव्यातच. जोडायला साधी ओव्हरहँड गाठ, शेपट्या हातभर, आणि जाडीत फरक असेल तर तिला चिकटून दुसरी ओव्हरहँड.

१७. ६० चा जुना सिंगल कापून दोन ३० चे केले तर? एक ग्लेशियरला, एक सरावाला.

कापता येतो. गरम सुरीने टोकं नीट बंद करा. मग तीन कामं लगेच करा. दोन्ही तुकड्यांवर प्रकार, जाडी, लांबी आणि खरेदीचं वर्ष लिहिलेली पट्टी लावा, कारण मूळ पट्ट्या टोकांवरच होत्या आणि आता प्रत्येक तुकड्याचं एक टोक बिनओळखीचं झालंय. मधली खूण जिथे होती ते आता टोक आहे. नवी खूण करायची तर कंपनीने सांगितलेल्या शाईनेच, साध्या मार्करने नाही. आणि लांबी स्वतः मोजा, ‘३०’ समजलेला तुकडा वापरून आटलेला असू शकतो. दोघांच्या ग्लेशियर-टीमला मध्ये ब्रेक-नॉट (कुणी क्रिव्हासमध्ये पडल्यास बर्फात अडकणाऱ्या गाठी) घालून, दोन्ही टोकांना बचावासाठी रोप शिल्लक ठेवायचा असेल तर ३० मीटर तोकडाच पडतो. तिथे ५० लागतो, म्हणजे कदाचित कापायलाच नको होता.